कोरम असेपर्यंत

वनिताचा अकरा महिन्यांचा मुलगा रघुवीर गावच्या दूध संस्थेचा संचालक होता आणि तो फक्त सभेत बोलायचा.

झालं होतं असं, की संस्थांनी कारभारात तरुणांना घ्यावं असं वरून कळवण्यात आलं होतं. चेअरमन केरबा तात्यांनी आधी कॉलेजात जाणारा एक मुलगा घेतला. त्याला खुर्च्या मांडायला लावल्या, चहा वाटायला लावला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून काढलेला फोटो वर पाठवला. वरून उलट विचारणा आली, की हा तरुण सभेत काय म्हणाला? तो काहीच म्हणाला नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मग पुन्हा कळवण्यात आलं, की नावापुरता तरुण नको, निर्णयात त्याचा खराखुरा हात पाहिजे. तात्यांना राग आला. म्हणाले, "तरुणच पायजे न्हवं? मग गावातला सगळ्यात तरुणच घेऊया. बघू काय म्हणत्यात ते." सगळ्यात तरुण तेव्हा रघू होता. सात महिन्यांचा. बिनविरोध निवडून आला.

पहिल्या सभेला वनिता त्याला अंघोळ घालून, तीट लावून, झबलं-टोपडं चढवून संस्थेच्या दारापर्यंत घेऊन गेली. आत फक्त संचालक आणि सचिव. तिथं संचालक शालनकाकूंनी त्याला तिच्या कडेवरून उचलून घेतलं आणि दार लागलं. वनिता पायरीवर बसली. आत दूध गार करायच्या टाकीची मशीन घरघरत होती, त्यामुळे बाहेर काही ऐकू येत नव्हतं.

आत काय झालं ते तिला संध्याकाळी पिठाच्या गिरणीत कळलं. सभेच्या सुरुवातीला तात्यांनी नेहमीसारखं विचारलं, "मागच्या सभेचं इतिवृत्त. मंजूर?" सगळे म्हणाले, "मंजूर." शालनकाकूंच्या मांडीवरून रघू म्हणाला, "वाचलं कुठं?"

सगळ्यांनी शालनकाकूंच्या मांडीकडे बघितलं. रघू पुढं म्हणाला, "मला नुसतं बसवायला आणलं असेल तर तसं सांगा, मी झोपतो. विचारायला आणलं असेल तर वाचून दाखवा."

सचिव हिंदुरावांनी वाचून दाखवलं. वाचताना त्यांचं त्यांनाच कळलं, की मागच्या सभेत ठरलेलं काहीच झालेलं नाही. तेव्हापासून सभेची वेळ सकाळची झाली, कारण रघू दुपारी झोपायचा, आणि विषय घोळवणं बंद झालं, कारण विषय घोळवला की रघूला भूक लागायची.

त्यानंतरच्या सभेत त्यानं विचारलं, "सकाळी दूध घालायला कोण येतं?"

"पोरं येत्यात," तात्या म्हणाले. "शाळेतली."

"आणि दूध घ्यायची वेळ कुणाला विचारून ठरवली?"

ती कुणालाच विचारून ठरवली नव्हती. हिंदुराव उठायचे तेव्हा संस्था उघडायची आणि पोरं शाळेत उशीर झाला म्हणून छड्या खायची. रघू म्हणाला, किटल्या घेऊन येणाऱ्या पोरांना सभेला बोलवा. पोरं आली. त्यांनी वेळ सांगितली. ती वेळ ठरली. गावात मग ज्याच्या त्याच्या तोंडी रघूच.

"काय पोर जन्माला घातलंस गं," बायका वनिताला म्हणायच्या. "दिलंस तरी काय त्याला?"

"काही न्हाई," वनिता म्हणायची. "सगळ्यांच्या पोरांस्नी देत्यात तेच."

खरं तर तिनं वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावलं होतं, पण तो घरी बोलावा म्हणून. घरी तो "ब" म्हणायचा. भूक लागली तरी "ब", कुत्रं दिसलं तरी "ब" आणि तिला बघूनही "ब". रात्री अचानक उठून रडायचा तेव्हा तर तेही नाही. वनिता त्याच्या पोटावर हिंग लावायची, कान चाचपायची, हिरड्या बघायची, दृष्ट काढायची. "कुठं दुखतंय रं राजा? सांग की. तिथं एवढं बोलतोस, मला नुसतं बोट दाव." तो तिचं मंगळसूत्र तोंडात घालून चोखत राही.

तिला सगळ्यात जास्त लागायचं ते आवाजाचं. पोटच्या पोराचा आवाज कसा आहे हे तिला माहीत नव्हतं आणि गावातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. शालनकाकू म्हणाल्या, दीपकसारखा आहे, बापासारखा. हिंदुराव म्हणाले, छे, थोडा घोगरा आहे. सासूबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणायची, त्यांनी तर तो वार्षिक सभेत पुढच्या रांगेत बसून ऐकला होता. म्हैस आत्याबाईंच्या नावावर, म्हणून सभासद आत्याबाई. शेण काढायचं, वैरण टाकायची, धार काढायची वनितानं, आणि सभेचा पेढा खायचा आत्याबाईंनी. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी भाकरी थापता थापता नातवाची नक्कल करून दाखवली.

"हात असा वर केला बघ. आणि म्हणतोय, 'सभासदांच्या भावना मी समजू शकतो.' अगं, माझ्या अंगावर काटा आला!"

"तुमच्याकडं बघितलं का त्यानं?" वनितानं विचारलं.

"बघितलं म्हणजे? हसला की."

वनितानं भांडी जरा जास्तच आपटली. आत्याबाई म्हणाल्या, "तुझं काय बिनसलंय?" वनिता म्हणाली, "माझं कशाला काय बिनसतंय. मी कुठं सभासद हाय?"

नवऱ्याला सांगावं तर दीपक टेम्पो चालवून यायचा तो फुगूनच. स्टँडवर लोक त्याला 'संचालकांचे वडील' म्हणायचे. "पोरगं नाव काढतंय," तो म्हणायचा, "आणि तू तोंड पाडून बसतीयास. कोण आई अशी असती का?" तिलाही वाटायचं, कोण आई अशी असते? मग ती रघूला जवळ घ्यायची, तर त्याच्या टोपड्याला तात्यांच्या तपकिरीचा वास यायचा. सभेवरून आणला की ती त्याला पुन्हा अंघोळ घालायची. आत्याबाई ओरडायच्या, सर्दी होईल पोराला. वनिता चोळून चोळून घालायची.

अंगणवाडीत लसीच्या दिवशी नर्सबाईंनी बाळाच्या कार्डावरचा प्रश्न वाचला. "एखादा शब्द बोलतो का?"

"सभेत बोलतो," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग 'होय' लिहिते."

"'नाही' लिवा," वनिता म्हणाली.

"अहो, पण बोलतो की. आमच्या मिस्टरांनी ऐकलाय. दुधाच्या दरावर काय सुंदर बोलला म्हणे."

"तुमच्या मिस्टरांनी ऐकला आसंल. कार्ड आईला इचारून भरायचं आसतं न्हवं? माझ्याशी न्हाई बोलत. 'नाही' लिवा."

नर्सबाईंनी थोडा विचार करून 'होय' लिहिलं आणि कंसात 'आईशी नाही' असं लिहिलं. वनिताला ते घरी येईपर्यंत पुरलं. रस्त्यात तिनं कार्ड पदराखाली झाकून धरलं होतं.

मग एकदा लग्नसराईत सभा मध्येच फुटली. दार उघडलं आणि शालनकाकू रडणाऱ्या रघूला घेऊन बाहेर आल्या. वनिताच्या कडेवर येताच तो तिच्या गळ्यात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागला.

"काय केलंसा त्याला?" वनिता उभीच राहिली.

"आम्ही काय करतोय बाई! पशुखाद्यावर बोलत होता चांगला. बोलता बोलता गप झाला आणि भोकाड पसरलं. बघतोय तर माळावरचा धाकटा लग्नाला सटकलेला."

माळावरचे म्हणजे माळावर राहणारे दोघे भाऊ. दोघेही संचालक होते आणि दोघांचं मिळून एकच मत असायचं.

"त्याचा काय संबंध?" वनितानं विचारलं.

हिंदुराव कुलूप लावत होते. ते म्हणाले, "वहिनी, पाच संचालक आसले की कोरम होतो. धाकटा गेला, कोरम मोडला. कोरम मोडला की रघुवीरसाहेब बोलत न्हाईत. एकदम नियमातला माणूस."

वनिता थोडा वेळ त्याची पाठ थोपटत राहिली. मग तिनं विचारलं, "हे पाच जण हापिसातच लागत्यात का?"

"तसं काई न्हाई. एका छपराखाली आले म्हणजे झालं."

त्याच रात्री तिनं दीपकला सांगितलं, की रघूचं जावळ काढून घेऊया. अकरावा महिना सुरू आहे, विषम आहे, पुन्हा वर्षानंतर बघत बसायला नको. आणि एवढा मोठा संचालक, तर संचालकांना जेवायला बोलवायला नको का? दीपकला ते फारच पटलं. आत्याबाईंना संशय आला, पण पुरणपोळी म्हटल्यावर त्याही काही बोलल्या नाहीत.

जावळाच्या दिवशी वनिताचा भाऊ सुहास सकाळच्या गाडीनं आला. भाच्याला मांडीवर घेऊन तो सोप्यात पाटावर बसला आणि सलूनवाला गजानन समोर वस्तऱ्याला धार लावत बसला. परसात वनितानं चूल मांडली होती. पोळी लाटता लाटता ती मागच्या दारातून सोप्यात बघत होती. आधी शालनकाकू आल्या. मग माळावरचे दोघे भाऊ, एकाच मोटरसायकलवर. रघू धरून चार. हिंदुरावही आले, पण ते सचिव, कोरममध्ये धरायचे नव्हते. तात्यांचा पत्ता नव्हता. गजाननानं जावळाला हात घातला आणि रघूनं घर डोक्यावर घेतलं. सुहास म्हणाला, "ताई, त्या चेअरमनची वाट कसली बघतीयास? जरा पोराकडं बघ, नाहीतर बेशुद्ध पडंल."

अर्धं डोकं झालं तेव्हा तात्या उंबऱ्यातून आत आले. धोतराचा सोगा धरून त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "काय, झालं का?"

रघूचं रडणं थांबलं. त्यानं नाक वर ओढलं आणि म्हणाला, "कोरम झालाय, अध्यक्षसाहेब. सभा धरायची का?"

सुहासची मांडी हलली. "आई शप्पत, हे बोलतंय!"

"कोरम आसला की बोलतोय," आत्याबाई म्हणाल्या, माहेरच्या माणसाला सांगावं तशा.

वनिता पीठ लागलेल्या हातांनी धावत आली ती सोप्याच्या मधोमधच थांबली. हा आवाज. दीपकसारखा नव्हता आणि घोगराही नव्हता. झोपेतून उठून पाणी मागावं तसा, थोडा भरलेला होता. एवढे महिने हा आवाज ह्या लोकांनी चहा-बिस्किटाबरोबर ऐकला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तात्यांच्या हातातली तपकिरीची डबी हिसकून अंगणात फेकून द्यावी असंही वाटलं.

रघू तात्यांकडे बघून टाकीच्या मशीनविषयी बोलायला लागला होता. फार घरघरते, बाहेर बसलेल्यांना आतलं काही ऐकू येत नाही, हे बरोबर नाही. तात्या मान डोलवत होते.

"रघू," वनिता म्हणाली. "आरं, इकडं बघ की."

रघूनं तिच्याकडे बघितलं. मग तात्यांकडे बघितलं.

हिंदुराव हळूच म्हणाले, "वहिनी, सभासद नसलेल्यांस्नी सभेत बोलता येत न्हाई."

"माझ्या घरात?"

"सभा कुठंबी भरली तरी सभाच की ओ."

"माझ्या घरात, माझ्या भावाच्या मांडीवर, माझं पोरगं," वनिता म्हणाली, "आणि मी बोलायचं न्हाई? सकाळपासनं मी काय तुमच्या संस्थेसाठी पुरण वाटतीय व्हय?"

"वने!" दीपकनं दटावलं.

तात्यांनी हात वर केला. चेअरमन वाईट माणूस नव्हता. "बाई, रागाला येऊ नगा. आयत्या वेळचा विषय म्हणून घेऊ. अध्यक्षांची परवानगी आसली की घेता येतोय. परवानगी हाय. काय इचारायचं ते इचारा."

आपल्या मुलाशी बोलायला केरबा तात्यांची परवानगी मिळाली, हे वनिताला फार झोंबलं. तिनं हातांचं पीठ पदराला पुसलं. मग ती म्हणाली, "समद्या गावाशी बोलतोस. माझ्याशी का न्हाई बोलत?"

रघूनं विचार केला. विचार करताना तो अंगठा चोखायचा. मग अंगठा काढून म्हणाला, "प्रश्न महत्त्वाचा आहे. पण विचारणाऱ्या सभासद नाहीत, त्यामुळे उत्तराची नोंद घेता येणार नाही. आधी सौ. वनिता दीपक चौगुले यांना सभासद करून घ्यावं, असं मी सुचवतो."

"सभासदाला दूध घालावं लागतंय," माळावरचा थोरला म्हणाला. "ह्येंच्या घरची म्हस तर आत्याबाईंच्या नावावर."

"सौ. वनिता एका संचालकाला त्याच्या जन्मापासून दूध पुरवत आहेत," रघू म्हणाला. "एकही वेळ चुकलेली नाही. दर्जाबद्दल तक्रार नाही."

सोप्यात सगळे खाली बघायला लागले. सुहास तर छताकडे बघत होता.

हिंदुराव खाकरले. "पण ते दूध संस्थेला आलेलं न्हाई."

"संचालक म्हणजे संस्था नव्हे का?" रघूनं तात्यांना विचारलं.

तात्या एवढी वर्षं हेच सांगत आले होते. "हाय," ते म्हणाले. "संचालक म्हंजेच संस्था. अनुमोदक कोण?"

"मी," शालनकाकू म्हणाल्या.

"मंजूर," दोघे भाऊ एकदम म्हणाले.

"आता ही बी सभासद!" आत्याबाई पुटपुटल्या. "म्हस पाळावी मी आणि..." पण त्यांचं पुढचं कुणी ऐकलं नाही. हिंदुरावांनी वहीचं नवं पान काढलं, ठराव लिहिला, त्याखाली 'सभासदाचा प्रश्न' असं लिहिलं, मग 'उत्तर' असं लिहिलं आणि पेन धरून थांबले.

"आता विचारा," रघू तिला म्हणाला. किती आदरानं म्हणाला! विचारा.

वनितानं प्रश्न पुन्हा विचारला. सगळे उत्तर ऐकायला पुढं झुकले. तात्यांनी कानामागं हात लावला. आत्याबाई उंबऱ्यावरून उठून जवळ आल्या. गजाननानं वस्तरा बाजूला ठेवला. परसातून करपल्याचा वास येत होता, पण वनिताला तो कळला नाही. तो शालनकाकूंना कळला. "अगं बाई, पोळी!" म्हणून त्या मागच्या दाराकडे पळाल्या.

"सभासदांच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे, की..." रघूनं तोंड उघडलं.

वनितानं हिंदुरावांच्या पेनाकडे बघितलं. ते कागदाला टेकलेलं होतं. उत्तर काहीही असो, ते हिंदुराव लिहून घेणार होते, पुढच्या सभेत मोठ्यानं वाचणार होते आणि तात्या विचारणार होते, मंजूर? माळावरचे दोघे त्याला मंजूर म्हणणार होते. शालनकाकू ते गिरणीत सांगणार होत्या आणि आत्याबाई हात वर करून त्याची नक्कल करणार होत्या. उत्तर तिच्यासाठी होतं, पण ते तिचं राहणार नव्हतं. तेवढ्यात मागच्या दाराबाहेर पडलेल्या शालनकाकू तिला दिसल्या.

"थांब," ती म्हणाली. "अध्यक्षसाहेब, मी सभासद हाय न्हवं? माझी हरकत हाय. कोरम न्हाई."

तात्यांनी मान वळवून मोजलं. हिंदुरावांनी मोजलं. शालनकाकू परसात, उघड्यावर, तव्यावरची पोळी उलथत होत्या.

"न्हाई," हिंदुराव म्हणाले. "हरकत बरोबर हाय."

रघूचं तोंड उघडंच होतं. ते तसंच राहिलं. मग त्याचा खालचा ओठ बाहेर आला, अर्ध्या केसांचं डोकं गरागरा फिरलं आणि सगळ्या सोप्यातून त्याचे डोळे तिच्यावर येऊन थांबले. तात्यांनी सवयीनं हात पुढं केले होते. रघूनं ते हात ढकलून दिले आणि दोन्ही हात वनिताकडे केले.

"ब," तो म्हणाला.

"आले रं, आले," वनिता म्हणाली. तिनं त्याला सुहासच्या मांडीवरून उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि कडी घातली.

शालनकाकू पोळी घेऊन आत आल्या. "काय म्हणाला? काय म्हणाला उत्तर?"

"ऱ्हायलं," तात्या म्हणाले.

"आता मी आलीय की. आता हाय कोरम."

"संचालक साहेब आत हाईत. छप्पर एकच, पण मधी कडी हाय," हिंदुराव म्हणाले. "न्हाई धरता येत."

दीपक दारापर्यंत जाऊन परत आला. आत्याबाईंनी मात्र दाराला कान लावला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"ऐकू येतंय का काय?" तात्यांनी विचारलं.

"येतंय की. बोलणं चाललंय."

"काय बोलत्यात?"

"एक 'ब' म्हणतंय," आत्याबाई म्हणाल्या, "आणि दुसरंबी 'ब'च म्हणतंय. कोण कुठलं ते कळंना."

माळावरच्या दोघांनी हिंदुरावांकडे बघितलं. हिंदुरावांनी 'उत्तर' ह्या शब्दापुढची जागा तशीच कोरी सोडली आणि पेनाला टोपण लावलं. आतलं लिहिता येणार नव्हतं. आत कोरम नव्हता.